कीबोर्डवरचा छोटा पडदा आणि तुमचा गेम: १६० × ४३ पिक्सेलपासून सुरुवात

काही गेमिंग कीबोर्डांवर स्वतःचा पडदा असतो. गेम चालू असताना त्यावर प्राण, गोळ्या, वेळ, नकाशावरचे ठिकाण अशी माहिती दाखवता येते. ही सोय गेममध्ये घालायला एसडीकेतली (कीबोर्डच्या कंपनीने प्रोग्रॅमरांसाठी दिलेल्या कोडसंचातली) सात-आठ फंक्शने पुरतात आणि पहिला मजकूर अर्ध्या दिवसात दिसू लागतो. खरे काम त्यानंतरचे असते. पडद्यामुळे गेम कधीच अडकू नये, कीबोर्ड नसलेल्या खेळाडूला काही फरक पडू नये, आणि अर्ध्या सेकंदाच्या नजरेत माहिती वाचता यावी. हा लेख मुख्यतः या तीन गोष्टींबद्दल आहे. इंजिन तुमचे स्वतःचे असो, युनिटी असो वा गोडो, रचना तीच राहते. उदाहरणे सी प्लस प्लस डोळ्यांपुढे ठेवून दिली आहेत.

आधी पडदे ओळखून घ्या

लॉजिटेकचा जी १५ हा २००५ मधला कीबोर्ड. त्याचा एलसीडी १६० पिक्सेल रुंद, ४३ उंच आणि एकरंगी आहे. जी १३ आणि जी ५१० वरही हाच आकार आहे, म्हणून एकदा लिहिलेला कोड तिन्हीकडे चालतो. २००९ च्या जी १९ वर ३२० × २४० चा रंगीत पडदा आला. हे कीबोर्ड आता बाजारात नवे मिळत नाहीत, पण जपून वापरणारे बरेच आहेत. त्यांच्यासाठी लॉजिटेक गेमिंग सॉफ्टवेअर हा जुना प्रोग्रॅम लागतो. नंतर आलेल्या जी हबमध्ये या एलसीडींची सोय नाही. ही ओळ तुमच्या मदत पानावर ठळक लिहा, नाहीतर ‘पडदा चालत नाही’ या तक्रारींचा मोठा वाटा इथूनच येईल.

दुसरे घराणे स्टीलसिरीजचे. एपेक्स ७ आणि एपेक्स प्रो या कीबोर्डांवर १२८ × ४० चा एकरंगी ओएलईडी आहे. तो गेमसेन्स नावाच्या व्यवस्थेतून चालतो. त्यात लायब्ररी जोडावी लागत नाही. त्याच संगणकावर चालणाऱ्या सर्व्हरला एचटीटीपीने जेसन (ठरावीक मांडणीतला साधा मजकूर) पाठवायचे, एवढेच.

म्हणजे आकार तीन आणि बोलण्याच्या पद्धती दोन. लिनक्सची धरली तर तीन. कोडची विभागणीही अशीच ठेवा. एका बाजूला चित्र काढणारा भाग, ज्याला फक्त रुंदी, उंची आणि पिक्सेलचा बफर (चित्र साठवलेला मेमरीचा तुकडा) माहीत असतो. दुसऱ्या बाजूला तो बफर त्या त्या कीबोर्डपर्यंत पोचवणारे छोटे अडॅप्टर. चित्र काढणाऱ्या फाइलीत लॉजिटेक किंवा स्टीलसिरीज हे शब्द येता कामा नयेत.

गेमच्या थ्रेडला हात लावू नका

सर्वात सोपा आणि सर्वात चुकीचा मार्ग म्हणजे रेंडर लूपच्या (प्रत्येक फ्रेम काढणाऱ्या फेऱ्याच्या) शेवटी कीबोर्डचे फंक्शन बोलावणे. तुमच्या टेबलावर ते सुरळीत चालेल. दुसऱ्या कोणाकडे कीबोर्डचे सॉफ्टवेअर मध्येच बंद पडेल, यूएसबी हब झोपेल, आणि तेवढा वेळ गेम थिजेल. स्टीलसिरीजच्या बाबतीत तर हे ठरलेलेच. विंडोजवर बंद पोर्टला जोडणी करायला गेलात तर नकार लगेच हातात येत नाही. सिस्टिम स्वतःहून पुन्हा प्रयत्न करते आणि सेकंद-दोन सेकंद जातात. ६० फ्रेमच्या गेममध्ये दोन सेकंद म्हणजे १२० फ्रेम.

म्हणून पडद्याचा थ्रेड, म्हणजे समांतर चालणारा कामाचा धागा, वेगळा ठेवा. गेमने त्याला फक्त एक छोटा ‘क्षणचित्र’ स्ट्रक्ट द्यायचा: प्राण, कमाल प्राण, चिलखत, मॅगझिनमधल्या गोळ्या, शिल्लक गोळ्या, सामन्याचे उरलेले सेकंद, ठिकाणाचा आयडी, खेळाडू जिवंत आहे का, आणि गेम मेनूत आहे, खेळात आहे की लोड होत आहे. ठिकाणाचे नाव नको, आयडीच द्या. स्ट्रिंग कॉपी केली की मेमरी वाटपाचा प्रश्न उगाच मध्ये येतो. पॉइंटर तर अजिबात नको. लेव्हल बदलताना ज्या वस्तूकडे तो बोट दाखवतो ती नष्ट झालेली असते, आणि असा क्रॅश दहा वेळांत एकदाच येत असल्याने शोधता शोधता नाकी नऊ येतात.

हा स्ट्रक्ट शंभर बाइटांच्या आतबाहेर राहतो. साधा म्युटेक्स (एका वेळी एकाच थ्रेडला आत सोडणारे कुलूप) घ्या, कॉपी करा, सोडा. इथे लॉकविरहित रचना करण्यात वेळ घालवू नका. फक्त म्युटेक्स हातात असताना चित्र काढणे किंवा कीबोर्डशी बोलणे होऊ देऊ नका.

थ्रेडचा फेरा ३३ मिलिसेकंदांचा ठेवा, म्हणजे सेकंदाला सुमारे तीस. प्रत्येक फेऱ्यात बटणे वाचा, पण चित्र दर तिसऱ्या फेऱ्यातच काढा. सेकंदाला दहा चित्रे पुष्कळ झाली. जी १५ चा एलसीडी मुळातच मंद आहे. त्याहून वेगाने बदलणारे आकडे एकमेकांवर पुसट होऊन बसतात. बटणे मात्र दहाच्या वेगाने वाचली तर पटकन दाबून सोडलेले बटण हुकते. नवे चित्र तयार झाले की मागच्या बफरशी बाइट-बाइट ताडून पाहा आणि फरक असेल तरच पुढे पाठवा. ६,८८० बाइटांची तुलना संगणकाला जाणवतही नाही.

कीबोर्ड हातात नसताना

पहिला अडॅप्टर कोणत्याही कीबोर्डचा लिहू नका. तोच बफर चौपट मोठा करून दाखवणारी साधी विंडो बनवा. १६० × ४३ ची विंडो ६४० × १७२ होते, १२८ × ४० ची ५१२ × १६०. मोठे करताना गुळगुळीत करणारा फिल्टर बंद ठेवा. प्रत्येक पिक्सेल चौकोनीच दिसला पाहिजे. खाली चार बटणांसाठी एफ ५ ते एफ ८ बांधा. तीन पडद्यांची बहुतेक मांडणी या विंडोतच पूर्ण होते आणि चमूतल्या कोणाकडेही कीबोर्ड नसला तरी काम अडत नाही.

एक धोका मात्र आहे. मॉनिटरवर चौपट मोठे दिसणारे सगळेच सुबक वाटते. अधूनमधून विंडो एकपट करा, खुर्ची हातभर मागे घ्या आणि वाचून पाहा.

१६० × ४३ मध्ये काय मावते

५ × ७ पिक्सेलचा इंग्रजी फॉन्ट, अक्षरांत एक आणि ओळींत एक पिक्सेल जागा सोडून, ६ × ८ चे घर घेतो. १६० मध्ये अशी २६ घरे बसतात आणि ४३ मध्ये ५ ओळी, वर ३ पिक्सेल उरतात. हे पाहून पाचही ओळी भरून टाकण्याचा मोह होतो. तो टाळा. खेळाडू या पडद्याकडे पाहतो तेव्हा त्याचे लक्ष खरे तर दुसरीकडेच असते.

नेमबाजीच्या गेमसाठी चालणारी एक मांडणी पिक्सेलसह देतो.

ओळ ० ते ७: डावीकडे ठिकाणाचे नाव, जास्तीत जास्त १६ अक्षरे, म्हणजे ९६ पिक्सेल. उजवीकडे क्ष (डावीकडून मोजलेला पिक्सेल) १३० पासून सामन्याची वेळ, मिनिटे-कोलन-सेकंद अशी पाच घरे.

ओळ ९: आडवी रेघ, ० ते १५९.

ओळ १२ ते २७: डावीकडे १६ पिक्सेल उंच आणि १० रुंद आकड्यांत प्राण, तीन आकड्यांना ३० पिक्सेल. क्ष ३४ पासून १०२ पिक्सेल रुंद पट्टी, उंची ८. दोन्ही कडांची चौकट सोडून आत बरोबर १०० पिक्सेल उरतात. पट्टीच्या खाली ओळ २१ ते २७ मध्ये चिलखत, छोट्या फॉन्टात. क्ष १४० ते १५९ मध्ये मॅगझिनमधल्या गोळ्या, मोठे दोन आकडे.

ओळ ३४ ते ४२: पडद्याखालच्या चार बटणांची नावे. १६० भागिले ४ म्हणजे प्रत्येकाला ४० पिक्सेल, त्यात सहा अक्षरे बसतात. नाव आपल्या ४० च्या मधोमध ठेवा, नाहीतर ते खालच्या बटणाच्या रेषेत येत नाही.

पट्टी आत १०० पिक्सेलच का? एक पिक्सेल म्हणजे एक टक्का, त्यामुळे अपूर्णांकांची कटकट संपते. तरी गोलाईचा एक प्रश्न उरतोच. प्राण ०.४ असताना जवळच्या पूर्णांकावर नेले तर पडद्यावर ० दिसतो आणि खेळाडू मात्र पळत असतो. जिवंत असेपर्यंत वरच्या पूर्णांकावर न्या. शून्य फक्त मेल्यावर.

प्राण २५ च्या खाली गेले की पट्टी लुकलुकवायची असेल तर सेकंदाला दोनदा, त्याहून जास्त नाही. मोठा आकडा कधीच लुकलुकवू नका, कारण नजर नेमकी तो विझलेला असतानाच पडते. सरकता मजकूरही टाळा. लांब नाव असेल तर भाषांतराच्या फाइलीत त्याचे वेगळे छोटे रूप ठेवा. आपोआप कापलेले नाव बहुधा विचित्रच दिसते.

१२८ × ४० साठी ही मांडणी आक्रसून वापरता येत नाही. ०.८ पटीत एक पिक्सेलची रेघ कुठे टिकते, कुठे गायब होते. वेगळी मांडणी काढा: वरची ओळ गाळा, प्राण आणि गोळ्या मोठ्या ठेवा, बटणांची नावे काढून टाका. त्या कीबोर्डांवर पडद्याखाली चार बटणे नाहीतच.

लॉजिटेकचा अडॅप्टर

एसडीकेतली फंक्शने साध्या सी पद्धतीची आहेत आणि सगळ्यांची नावे ‘लॉजीएलसीडी’ने सुरू होतात. क्रम असा.

‘इनिट’ एकदाच बोलावा. त्याला दोन गोष्टी लागतात: खेळाडूला दिसणारे गेमचे नाव, आणि पडद्याचा प्रकार. एकरंगीचे मूल्य १, रंगीतचे २; दोन्ही हवे असतील तर बिट जोडून ३ द्या. उत्तर ‘खोटे’ आले तर लॉजिटेकचे सॉफ्टवेअर चालू नाही असे समजून गप्प बसा. खेळाडूला चौकट दाखवू नका, लॉगमध्ये एक ओळ लिहा, आणि दहा सेकंदांनी पुन्हा पाहा. गेम सुरू झाल्यावर कीबोर्डचे सॉफ्टवेअर सुरू करणारे लोक असतात.

मग ‘इजकनेक्टेड’ला प्रकार देऊन विचारा की तसा पडदा खरोखर जोडलेला आहे का. हे एकदा विचारून विसरायचे नाही. दर दोन-तीन सेकंदांनी विचारा, कारण तार मध्येच निघते.

चित्रासाठी ‘मोनोसेटबॅकग्राउंड’. याला ६,८८० बाइटांचा बफर लागतो, १६० गुणिले ४३, प्रत्येक पिक्सेलला एक पूर्ण बाइट. १२८ किंवा जास्त म्हणजे पिक्सेल चालू, त्याखाली बंद. ८६० बाइटांचा बिट-बिट भरलेला बफर दिलात तर फंक्शन पुढची ६,०२० बाइट परक्या मेमरीतून वाचेल. नशीब चांगले असेल तर पडद्यावर कचरा दिसेल, नसेल तर गेम बंद पडेल. पिक्सेलची जागा य गुणिले १६० अधिक क्ष, डावा-वरचा कोपरा शून्य.

मजकुरासाठी ‘मोनोसेटटेक्स्ट’ आहे, ० ते ३ अशा चार ओळींचे. पहिल्या चाचणीला ते उत्तम, पण फॉन्ट आणि जागा तुमच्या हातात राहत नाहीत. वरच्यासारखी मांडणी हवी असेल तर सगळे पार्श्वभूमीच्या चित्रातच काढा आणि चारही ओळी रिकाम्या ठेवा. मजकूर चित्राच्या वर येतो, त्यामुळे चाचणीची विसरलेली ओळ पट्टीवर येऊन बसते.

शेवटी ‘अपडेट’. बरेच जण इथे चुकतात. चित्र बदलले नसले तरी अपडेट प्रत्येक फेऱ्यात बोलवायचे आहे. आधी सांगितलेली ताडून पाहण्याची युक्ती फक्त चित्र पाठवण्यासाठी; अपडेट थांबवायचे नाही.

लायब्ररी जोडताना ती गेमच्या एक्झीला कायमची बांधू नका. गेम चालू झाल्यावर डीएलएल (लायब्ररीची वेगळी फाइल) उघडा, फंक्शनांचे पत्ते शोधा, एक जरी सापडला नाही तरी हा अडॅप्टर बंद. नाहीतर फाइल गहाळ असलेल्या संगणकावर गेम सुरूच होणार नाही, आणि तेही कीबोर्डवरच्या पडद्यापायी. ६४-बिट गेमला ६४-बिट डीएलएलच लागते. ती स्वतःच्या फोल्डरातून पूर्ण मार्ग देऊन उघडा.

मंबल या मुक्त स्रोत व्हॉइस चॅटने विंडोजवर आणखी पुढे जाऊन जी १५ साठी वेगळा मदतनीस प्रोग्रॅमच ठेवला होता. मुख्य प्रोग्रॅम त्याला चित्र देतो आणि एसडीकेशी तो मदतनीस बोलतो. तुमचा गेम मुक्त स्रोत असेल आणि बंद परवान्याची लायब्ररी त्यात मिसळायची नसेल तर हा नमुना पाहण्यासारखा आहे.

रंगीत पडदा

जी १९ साठी ‘कलरसेटबॅकग्राउंड’ला ३२० × २४० × ४, म्हणजे ३,०७,२०० बाइट लागतात. बाइटांचा क्रम निळा, हिरवा, लाल, अल्फा. लाल पट्टी निळी दिसली की क्रम उलटा झाला आहे, दुसरे काही नाही. शीर्षकाला वेगळे फंक्शन आहे आणि मजकुराच्या ओळी आठ, ० ते ७.

रंग मिळाला की गेमचेच इंजिन वापरून छोटा नकाशा काढण्याची इच्छा होते. काढा, पण ओपनजीएलमध्ये ग्राफिक्स कार्डावरून पिक्सेल थेट परत वाचू नका. तसे केले की कार्डाचे काम संपेपर्यंत प्रोसेसर थांबतो. दोन पिक्सेल बफर आलटून पालटून वापरा: या वेळी एकात मागणी टाका आणि मागच्या वेळचा दुसरा वाचा. माहिती एका चित्राने शिळी राहते, इथे ते कोणाला कळणारही नाही. आणि ओपनजीएल खालच्या-डाव्या कोपऱ्यातून मोजते, म्हणून चित्र उलटे येते; ओळी उलट क्रमाने कॉपी करा, प्रत्येक ओळ १,२८० बाइटांची.

स्टीलसिरीजचा अडॅप्टर

आधी सर्व्हरचा पत्ता शोधायचा. विंडोजवर प्रोग्रॅमडेटा फोल्डरात ‘स्टीलसिरीज’, त्यात ‘स्टीलसिरीज इंजिन ३’, त्यात ‘कोअरप्रॉप्स’ नावाची जेसन फाइल असते. तिच्यातल्या ‘ॲड्रेस’मध्ये १२७.०.०.१ आणि पोर्ट लिहिलेला असतो. पोर्ट ठरलेला नसतो, म्हणून तो कोडमध्ये लिहून ठेवू नका. फाइल आहे म्हणजे सर्व्हर चालू आहे असेही समजू नका; सॉफ्टवेअर बंद केल्यावरही जुनी फाइल पडून राहू शकते. जोडणी फसली की पाच सेकंद थांबा, फाइल पुन्हा वाचा, मग प्रयत्न करा.

त्यानंतर पोस्ट विनंत्या. पहिली ‘गेम मेटाडेटा’ला: गेमचा आयडी, दिसणारे नाव, निर्मात्याचे नाव. आयडीत फक्त मोठी इंग्रजी अक्षरे, अंक, हायफन आणि अंडरस्कोर चालतात, त्यामुळे मराठी नाव फक्त ‘दिसणाऱ्या नावा’तच जाईल.

दुसरी ‘बाइंड गेम इव्हेंट’ला. एकच इव्हेंट पुरतो. त्याला ‘स्क्रीन’ असे काही नाव द्या. हँडलरमध्ये उपकरणाचा प्रकार ‘स्क्रीन्ड’ आणि त्याला जोडून आकार १२८ बाय ४०, झोन ‘वन’, मोड ‘स्क्रीन’. डेटामध्ये ‘मजकूर आहे का’ याला ‘खोटे’ आणि सुरुवातीचे चित्र म्हणून ६४० शून्ये. ६४० कुठून आले? १२८ गुणिले ४० भागिले ८. इथे एका बाइटात आठ पिक्सेल असतात, म्हणजे लॉजिटेकच्या नेमके उलट. चित्र काढणारा भाग नेहमी एक पिक्सेल एक बाइट अशाच बफरवर काम करू द्या आणि दाबून भरण्याचे काम या अडॅप्टरवर सोडा. डावीकडचा पिक्सेल बाइटातल्या सर्वात वरच्या बिटमध्ये जातो. पहिल्या चाचणीला डाव्या-वरच्या कोपऱ्यात एकच पिक्सेल पेटवा. तो सात पिक्सेल उजवीकडे सरकलेला दिसला तर बिट उलटे भरले आहेत.

तिसरी, आणि वारंवार जाणारी, ‘गेम इव्हेंट’ला. डेटाच्या ‘फ्रेम’मध्ये त्या आकाराचे चित्र ठेवायचे. सोबत एक ‘व्हॅल्यू’ही जाते, आणि ती बदलली नाही तर सर्व्हर इव्हेंटकडे दुर्लक्ष करतो. चित्र नवे, व्हॅल्यू जुनी, पडदा ढिम्म. ही चूक शोधण्यात लोकांची अख्खी संध्याकाळ जाते. दोन उपाय: बाइंड करताना ‘व्हॅल्यू ऑप्शनल’ खरे ठेवा, किंवा दरवेळी वाढणारा क्रमांक पाठवा.

इव्हेंट येणे थांबले की १५ सेकंदांनी सर्व्हर तुमचा गेम बाजूला काढून आपले नेहमीचे चित्र दाखवतो. खेळाडू मेनूत बसला आहे, चित्र बदलत नाही, ताडणी ‘फरक नाही’ म्हणते आणि पडदा हातचा जातो. दर १० सेकंदांनी ‘गेम हार्टबीट’ (गेम अजून चालू आहे अशी खूण) पाठवा. ही मुदत मेटाडेटात १ ते ६० सेकंदांपर्यंत बदलता येते, पण हार्टबीट ठेवणेच बरे. मुदत लांबवली तर गेम क्रॅश झाल्यावरही मेलेल्या सामन्याचे आकडे मिनिटभर झळकत राहतात.

एचटीटीपी जोडणी प्रत्येक विनंतीला नवी उघडू नका, चालू ठेवा. उत्तराची वाट २०० मिलिसेकंदांहून जास्त पाहू नका.

लिनक्सवर

जी १५ डीमन (मागे चालत राहून कीबोर्डचा पडदा सांभाळणारा प्रोग्रॅम) चालू असेल तर तो १५५५० या टीसीपी पोर्टवर ऐकत असतो. जोडणी झाली की तो ‘जी१५ डीमन हॅलो’ असा १६ बाइटांचा संदेश पाठवतो. तो पूर्ण वाचून ताडा. मग तुम्ही ‘जीबफ’ ही चार मोठी इंग्रजी अक्षरे पाठवायची, आणि त्यानंतर दर चित्राला ६,८८० बाइट. बफर विंडोजवरचाच चालतो. टीसीपी एका दमात सगळे बाइट घेईलच असे नाही. पाठवले किती ते पाहून उरलेले पुन्हा पाठवा, नाहीतर पुढची सगळी चित्रे तिरकी सरकत जातात.

डीमन टाळून थेट यूएसबीवर लिहिता येते, पण तो उद्योग गेमने अंगावर घेऊ नये. कीबोर्डला ९९२ बाइटांचा अहवाल लागतो: ३२ बाइट सुरुवातीचे आणि ९६० चित्राचे. ४३ ओळी आठच्या पटीत ४८ धरलेल्या असतात आणि प्रत्येक बाइट आठ पिक्सेलचा उभा तुकडा असतो. शिवाय सामान्य वापरकर्त्याला त्या उपकरणावर लिहिण्याची परवानगी नसते. त्यासाठी युडेव्हचे (लिनक्सच्या उपकरण-व्यवस्थेचे) नियम बसवावे लागतात.

बटणे

लॉजिटेकच्या एकरंगी पडद्याखाली चार बटणे आहेत, मूल्ये १, २, ४, ८. रंगीतवर डावे, उजवे, ओके, रद्द, वर, खाली, मेनू अशी सात. ‘इजबटनप्रेस्ड’ हे बटण आत्ता दाबलेले आहे का एवढेच सांगते. म्हणून मागच्या फेऱ्यातली स्थिती जपून ठेवा आणि ‘आता दाबलेले, मघाशी नव्हते’ अशालाच घटना माना. तसे न केल्यास एका दाबात पाने चारदा उलटतात. घटना रांगेत टाका आणि गेमच्या थ्रेडने ती आपल्या सोयीने उचलावी.

या बटणांवर फक्त पडद्याची कामे ठेवा: पान बदलणे, गुणफलक, चमूची यादी. शस्त्र बदलण्यासारखे काम ठेवलेत तर ते बटण नसलेल्या खेळाडूवर अन्याय होतो. तोच नियम माहितीला लावा. मुख्य पडद्यावर जे दिसत नाही ते कीबोर्डवर दाखवू नका. शत्रूचे प्राण तर नाहीच नाही. उलट, खेळ थेट प्रक्षेपित करणाऱ्यांना याचा एक फायदा आहे. हा पडदा स्क्रीन रेकॉर्डिंगमध्ये येत नाही, म्हणून खोलीचा सांकेतिक शब्द तिथे दाखवून मुख्य पडद्यावर झाकण्याची सोय देता येते.

मराठीत दाखवायचे असेल तर

गेम मराठीत आहे आणि पडदा इंग्रजीत, हे खटकते. पण अक्षरागणिक चित्र ठेवणारा ५ × ७ चा फॉन्ट इथे उपयोगाचा नाही. ‘किल्ला’ लिहायला गेलात तर वेलांटी क च्या मागे जाऊन पडते आणि ल्ल चे दोन ल, मध्ये पाय मोडलेला. ‘शस्त्र’चे तर तीन तुकडे होतात. आधी हार्फबझ या लायब्ररीने अक्षरजोडणी करा, मग फ्रीटाइप या दुसऱ्या लायब्ररीने चित्र काढा. फ्रीटाइपला एकरंगी पद्धतीनेच चित्र मागा. करड्या छटांचे चित्र घेऊन १२८ वर कापले तर बारीक रेषा तुटतात, आणि शिरोरेषा तुटली की शब्द वाचवत नाही. एकरंगी चित्र एका बाइटात आठ पिक्सेल असे येते आणि प्रत्येक ओळीची लांबी ‘पिच’मध्ये असते, ती रुंदीवरून स्वतः मोजू नका.

उंचीचा हिशेब असा: वर रफार, मात्रा, अनुस्वाराला चार पिक्सेल, मधल्या अंगाला आठ, खाली उकारांना चार. एकूण १६. म्हणजे ४३ मध्ये दोन ओळी, वर ११ पिक्सेल उरतात. वरच्या मांडणीतल्या पहिल्या ओळीला आठच पिक्सेल आहेत, त्यामुळे मराठीत ठिकाणाचे नाव आणि प्राण एकाच पानावर दाटीने येतात. ठिकाण दुसऱ्या पानावर न्या. बटणांना शब्दांऐवजी ९ × ९ ची चिन्हे द्या. जोडणी केलेले शब्द आयडीनुसार साठवून ठेवा. तेच शब्द दर चित्राला पुन्हा जोडण्यात अर्थ नाही. आणि छोट्या आकड्यांत १ आणि ९ यांची गल्लत होते, तेव्हा देवनागरी अंक ठेवायचे असतील तर १० × १६ च्या आकारातच ठेवा.

बंद करताना आणि सोडण्याआधी

बाहेर पडताना क्रम चुकला की क्रॅश नक्की. आधी थ्रेडला थांबण्याची खूण, मग तो खरोखर संपेपर्यंत वाट, मग लॉजिटेकचे ‘शटडाउन’, आणि सर्वात शेवटी डीएलएल सोडणे. थ्रेड जिवंत असताना डीएलएल सोडली तर तो नाहीशा झालेल्या कोडमध्ये जातो. स्टीलसिरीजला ‘स्टॉप गेम’ पाठवा, पण उत्तर आले नाही म्हणून बाहेर पडणे लांबवू नका.

सेटिंग्जमध्ये एकच पर्याय: कीबोर्डचा पडदा, चालू किंवा बंद. पडदा सापडला नाही तर ओळ फिकी दाखवा. मॉडेल निवडायला लावू नका. ते तुम्हाला आधीच कळलेले आहे.

चाचणीत हे मुद्दाम करून पाहा. खेळ चालू असताना तार उपसा आणि दहा सेकंदांनी लावा. कीबोर्डचे सॉफ्टवेअर मध्येच टास्क मॅनेजरमधून मारा. गेम आधी आणि सॉफ्टवेअर नंतर सुरू करा. ऑल्ट-टॅब करून पाच मिनिटे बाहेर राहा. संगणक झोपवून उठवा. दोन्ही कंपन्यांचे कीबोर्ड एकाच वेळी लावा. आणि प्रत्येक वेळी फ्रेमच्या वेळेचा आलेख पाहा, पडदा नंतर. पडदा दोन सेकंद उशिरा जागा झाला तर चालेल. आलेखात एकही उंच सुळका दिसला तर कुठेतरी कीबोर्डचे फंक्शन अजून गेमच्याच थ्रेडवरून जात आहे.